सावत्र बापाची कमाई आणि लेकराची पोटगी



“लेकरू आता दुसऱ्याच्या घरात जेवतंय, मग पैसे मी कशाला देऊ?” सोलापूर जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात, लिंबाच्या सावलीला तासभर बसलात तर हा सवाल एकदा तरी कानी पडेल. विचारणारा माणूस दुष्ट असतोच असे नाही. त्याच्या हिशेबाने त्याचे बोलणे सरळ असते. बायकोशी फारकत झाली, तिने दुसरा संसार मांडला, मूल आईच्या बोटाला धरून नव्या घरी गेले. नव्या घरी मिळवता पुरुष आहे. मग जुन्या बापाच्या खिशाला हात का? आज आपल्याशी बोलायचे आहे ते याच सवालाविषयी. सावत्र बापाची किंवा सावत्र आईची कमाई मुलाच्या पोटगीत धरायची की नाही, आणि धरायची तर कोणत्या बाजूने.

दुसरे लग्न आपल्याकडे नवे नाही. शहरातल्या सुधारकांनी विधवाविवाहाची चळवळ केली, १८५६ साली त्याचा कायदा झाला, हे आपण पुस्तकात वाचतो. पण शेतकरी आणि कारागीर जातींत पाट लावण्याची, म्होतूर लावण्याची चाल त्याच्या कितीतरी आधीपासूनची. लग्न वाजतगाजत आणि पाट रात्रीच्या वेळी गुपचूप, एवढाच फरक. तेव्हा सावत्र बाप हा माणूस गावाला अनोळखी नव्हता. अनोळखी होता तो हिशेब. मुलाच्या खाण्याचे काय, त्याच्या बापाच्या जमिनीचे काय, हे पंच ठरवीत. आणि पंचांचे मन ज्या बाजूला झुकेल तिकडे मुलाचे ताट सरके.

कायद्याने हा हिशेब कसा मांडला ते बघू. पोटगी मागण्याचे मुख्य रस्ते दोन. पहिला फौजदारी कायद्याचा. १८९८ च्या फौजदारी संहितेत ४८८ वे कलम होते. त्यात महिन्याला जास्तीत जास्त शंभर रुपये मिळत. १९५५ साली ते पाचशे झाले. १९७३ च्या संहितेत तेच कलम १२५ वे झाले आणि पाचशेची मर्यादा तशीच राहिली. महागाई कुठच्या कुठे गेली, पण केंद्राच्या कायद्यातला पाचशेचा खुंटा हलला तो थेट २००१ साली, आणि तेव्हा मर्यादाच उठवली. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, आणि हे कलम आता १४४ वे आहे. आकडा बदलला, गाभा बदलला नाही. अर्जदार हिंदू असो, मुसलमान असो, ख्रिस्ती असो, हा रस्ता सर्वांना मोकळा आहे. मुसलमान स्त्रियांच्या बाबतीत काही काळ गोंधळ होता. १९८६ च्या कायद्यामुळे मुलांची पोटगी दोन वर्षांपुरतीच, असे काही जण सांगत. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने खुलासा केला की मुलांचा हक्क वेगळा आहे. बापापाशी ऐपत असेल तर मुलगा सज्ञान होईपर्यंत आणि मुलगी लग्न होईपर्यंत पोटगी मागू शकते.

दुसरा रस्ता १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचा. त्याचे विसावे कलम सांगते की आपल्या मुलांचे पोषण करणे बापावर आणि आईवर, दोघांवरही बंधनकारक आहे. मूल औरस असो वा अनौरस, भेद नाही. मुलगी अविवाहित असेल आणि स्वतःच्या मिळकतीवर तिचे भागत नसेल तर अठरा वर्षे झाल्यावरही तिचा हक्क संपत नाही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट पुन्हा सांगितली. फक्त तो दावा फौजदारी कलमाखाली चालणार नाही, या १९५६ च्या कायद्याखाली करावा लागेल, असेही म्हटले.

आता या दोन्ही कायद्यांत सावत्र बाप कुठे आहे? मुलाला पोसण्याची सक्ती त्याच्यावर केलेली तुम्हाला कुठेच सापडणार नाही. फौजदारी कलम बोलते ते माणसाच्या स्वतःच्या मुलाविषयी. आणि त्याच १९५६ साली झालेला अज्ञानत्व व पालकत्वाचा हिंदू कायदा तर उघड शब्दांत सांगतो की नैसर्गिक पालक म्हणून जे ‘बाप’ आणि ‘आई’ हे शब्द वापरले आहेत त्यांत सावत्र बाप आणि सावत्र आई येत नाहीत. म्हणजे सावत्र बापाला मुलाच्या वतीने सही करण्याचा अधिकार नाही, आणि पोटगीचे ओझेही नाही. ओझे आणि अधिकार, दोन्ही मूळच्या आईबापांपाशीच.

यावरून पहिल्या सवालाचे उत्तर निघते. आईने दुसरे लग्न केले तरी मुलाचा बाप बदलत नाही, आणि बापाचे देणे संपत नाही. इथे एक घोळ फार होतो. घटस्फोट झालेल्या बाईला नवऱ्याकडून स्वतःसाठी जी पोटगी मिळते, ती तिने पुन्हा लग्न केले की बंद होते. कायद्याची तशी स्पष्ट अट आहे. पण कोर्टाच्या हुकुमात बहुधा अर्जदार क्रमांक एक आई आणि अर्जदार क्रमांक दोन मूल असे लिहिलेले असते, आणि दोघांच्या रकमा वेगळ्या असतात. गडी काय करतो? बाईचे लग्न झाल्याची बातमी लागली की दोन्ही रकमा एकदम बंद करतो. गावातले चार शहाणे त्याला सांगतात, बरोबर केलंस. बरोबर नाही केले. क्रमांक एकचे थांबेल, तेही कोर्टाकडून हुकूम बदलून घेऊन. क्रमांक दोनचे चालूच राहील.

तुम्ही म्हणाल, कायद्यात सावत्र बाप नाही हे समजले. पण घरात तर आहे. त्याची कमाई हिशेबात आल्याशिवाय राहते का? इथे जरा दमाने घ्या.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीपुरते आहेत. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर काम करणारा एक विणकर आहे. महिन्याला त्याला सोळा हजार मिळतात. त्याची पूर्वीची बायको विड्या वळते. हजारी मजुरीचे तिचे सात हजार होतात. तिने दुसरे लग्न केले ते टेम्पो असलेल्या माणसाशी, त्याची प्राप्ती तीस हजार. मूल आईजवळ आहे. त्याचे खाणे, कपडे, शाळा, औषध मिळून खर्च सहा हजार. २०२० साली नागपूरहून वर गेलेल्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सर्व देशासाठी पोटगीचे नियम घालून दिले. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलेल्या त्या निकालात म्हटले आहे की आई पुरेसे कमावीत असेल तर मुलाचा खर्च दोघांनी आपापल्या प्राप्तीच्या प्रमाणात वाटून घ्यावा. सोळा आणि सात, मिळून तेवीस. सहा हजारांपैकी बापाकडे सुमारे चार हजार एकशे सत्तर येतात, आईकडे सुमारे अठराशे तीस.

आता बापाच्या म्हणण्याप्रमाणे टेम्पोवाल्याचे तीस हजारही त्यात मिसळा. एकूण त्रेपन्न हजार झाले. बापाचा वाटा उतरून अठराशेच्या आसपास येतो. महिन्याला तेवीसशेहून अधिक रुपये बापाच्या खिशात राहिले, आणि ते भरायचे कोणी? ज्याच्यावर कायद्याने काहीच देणे नाही, अशा माणसाने. उद्या तो म्हणाला, मला जमत नाही, तर त्याच्यावर दावा चालणार नाही. म्हणजे मुलाचा आज हक्काचा असलेला पैसा उद्या कुणाच्या मर्जीवर अवलंबून राहील. कोर्ट अशी बेरीज करीत नाही त्याचे खरे कारण हे आहे. (आपल्याकडे पोटगीला असे ठरीव गणित नाही, हेही ध्यानात ठेवा. न्यायाधीश परिस्थिती बघून आकडा ठरवतात. प्रमाण ही फक्त दिशा.)

पण एका फटीतून सावत्र बापाची कमाई आत येते, तीही लपवू नये. आई आधी भाड्याच्या खोलीत राहत होती, दोन हजार भाडे जात होते. आता ती नवऱ्याच्या घरात राहते. भाडे वाचले, किराणा तो आणतो. तिचे सात हजार तेवढेच आहेत, पण तिचा हात आधीपेक्षा मोकळा झाला. समोरचा वकील हे दाखवून देईल, आणि कोर्ट ते ऐकेल. त्याने आईच्या वाट्यात थोडी वाढ होऊ शकते. मात्र तो आईचा वाटा आहे, टेम्पोवाल्याचा नव्हे. हा फरक बारीक वाटतो, पण महिन्याच्या हिशेबात तो शेकड्यांचा की हजारांचा, यावर सगळे अवलंबून.

हीच फट दुसऱ्या बाजूलाही आहे आणि ती पुरुष मंडळी सहसा सांगत नाहीत. बापाने दुसरे लग्न केले. नवी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, पगार चांगला. तिच्या पगारातून पहिल्या बायकोच्या मुलाला काही द्या, असे कोर्ट तिला सांगणार नाही. ती त्या मुलाची सावत्र आई, तिच्यावर बंधन नाही. पण बाप जर कोर्टात रडू लागला की घरभाडे, दूध, लाइटबिल सगळे माझ्या एकट्याच्या डोक्यावर, तर कोर्ट विचारील, बायकोचा पगार कुठे जातो? त्याच २०२० च्या निकालाने दोन्ही पक्षांवर आपली मिळकत, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर लिहून देण्याची सक्ती केली आहे. त्यात माझ्यावर अवलंबून कोण कोण आहेत, आणि त्यांना स्वतःची काही प्राप्ती आहे का, हेही लिहावे लागते. तेव्हा पगारदार बायकोला ‘अवलंबून’ दाखवणे आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

दुसऱ्या संसारात मुले झाली तर? ती त्याचीच मुले, त्यांना पोसणे त्याचे कर्तव्य. पोटगी किती जणांना द्यायची आहे हे पाहावे असे कायद्यातच लिहिले आहे. त्यामुळे रक्कम थोडी उतरू शकते. पण नवा संसार थाटला म्हणून जुने देणे फिटले, असे कोणतेही कोर्ट मानीत नाही.

माझे स्वतःचे मत सांगायचे तर कायद्याने सावत्र बापाला बाहेर ठेवले यात शहाणपण आहे. कल्पना करा, लग्न ठरवायला बसलेल्या माणसाला कोणी सांगितले की या बाईशी लग्न केलेस तर तिच्या पोराची पोटगी कोर्टातून तुझ्या डोक्यावर येईल. तो काय म्हणेल? “बाई पसंत आहे, पोर आजोळी ठेवा.” असे आजही घडते. आई नव्या घरी, मूल आजीपाशी, आणि आजी वयाच्या साठीत विड्या वळून किंवा खुरपायला जाऊन त्याची फी भरते. अशा आजीला कुणीतरी सांगितले पाहिजे, की मुलाचा बाप जिवंत आहे, हातपाय धड आहेत, तर त्याच्याकडून पोटगी मागता येते. मूल कुणाच्या घरात राहते यावर त्याचा हक्क टांगलेला नाही. जो सावत्र बाप आनंदाने पोराला जवळ करतो, त्याच्या चांगुलपणाची रक्कम सख्ख्या बापाच्या देण्यातून वजा करणे मला तरी पटत नाही.

बाहेरच्या देशांत याचा विचार वेगवेगळ्या तऱ्हेने झाला आहे. इंग्लंडमध्ये सरकारी खात्यामार्फत पोटगी ठरते ती देणाऱ्या बापाच्या किंवा आईच्या उत्पन्नावर. नव्या जोडीदाराची कमाई त्यात धरीत नाहीत. मात्र देणाऱ्याच्या घरात दुसरी मुले राहत असतील तर थोडी सूट मिळते. कॅनडाची रीत मात्र निराळी. सावत्र बापाने मुलाशी बापासारखे नाते जोडले असेल तर घटस्फोटाच्या वेळी त्यालाही पोटगी द्यावी लागू शकते. नाते जोडले आणि मग एकतर्फी तोडून टाकले, असे चालणार नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली सांगितले. आपल्याकडे तसे नाही.

आपल्याकडे सावत्र बापाला खरोखरच बाप व्हायचे असेल तर रस्ता आहे, दत्तकाचा. रीतसर दत्तक झाले की सगळा हिशेब उलटा होतो. मूल नव्या बापाचे, पोटगीची जबाबदारी नव्या बापाची, वारसाहक्क नव्या घरात, आणि जुन्या बापाचे देणे पुढच्यासाठी संपले. म्हणूनच यात जुन्या बापाची संमती सहसा लागते. कधी कधी जुना बाप ती देतो ती पोटगीतून सुटायला, हेही खरे आहे. आणि नवा बाप चांगला असेल तर त्यात मुलाचे नुकसान नाही. मात्र नुसता हार घालून, पेढे वाटून दत्तक होत नाही. जाणत्या वकिलाकडून कागद करून घ्या.

जमिनीचा विषय थोडा वेगळा, पण तो सोडला तर बोलणे अर्धवट राहील. बाप वारला, आईने पुढे दुसरे लग्न केले, आणि मूल तिच्याबरोबर गेले. चुलते म्हणतात, गेली ती गेली, आता इथे काय? असे नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगा, मुलगी, विधवा बायको आणि मृताची आई हे पहिल्या वर्गाचे वारस. बाई विधवा असताना वारस झाली, तिचा वाटा पुढे लग्न केल्याने जात नाही, आणि मुलाचा तर कोणत्याच कारणाने नाही. तेव्हा वारसनोंद वेळीच करून घ्या. सातबाऱ्यावर अज्ञान मुलाच्या नावापुढे अ. पा. क. म्हणून जे लिहितात तिथे आईचे नाव हवे. सावत्र बापाचे तिथे चालत नाही. अज्ञान मुलाची स्वतःची जमीन विकायची तर आईलासुद्धा कोर्टाची परवानगी लागते. शिवाय मृत बापाच्या मालमत्तेतून अज्ञान मुलाचे पोषण करणे हे ती मालमत्ता घेणाऱ्या वारसांवर बंधनकारक आहे. सावत्र बापाच्या इस्टेटीत मात्र मुलाला आपोआप वाटा नाही. त्याने मृत्युपत्र केले तर गोष्ट निराळी.

आणि उलटी बाजू? सावत्र आईने पोर वाढवले, पोर मोठे झाले, कमावू लागले. तिला स्वतःचे मूल नाही. १९५६ च्या निर्वाह कायद्यात ‘आईबाप’ या शब्दात निपुत्रिक सावत्र आईचा समावेश मुद्दाम केला आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कलमाखालीही तिची दखल घेतली: ती विधवा असेल, किंवा नवरा जिवंत असून पोसायला असमर्थ असेल, तर सावत्र मुलाकडून तिला पोटगी मागता येते. पोरावर सावत्र आईचे हे देणे आहे आणि सावत्र आईवर पोराचे नाही, हे पाहून पुष्कळांना नवल वाटते.

गुरुजी आणि बाई हा भाग ऐकत असतील तर त्यांच्यासाठी दोन गोष्टी. दुसऱ्या लग्नानंतर आई शाळेत येते आणि म्हणते, “गुरुजी, याच्या नावापुढं नव्या मालकांचं नाव लावा.” जनरल रजिस्टरमधले नाव कागदाशिवाय बदलू नका, उद्या पोटगीच्या किंवा वारसाच्या दाव्यात तेच रजिस्टर पुरावा म्हणून मागवले जाईल. पण तिला झिडकारूही नका. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की बापाच्या मृत्यूनंतर मुलाचे आडनाव ठरवण्याचा अधिकार नैसर्गिक पालक म्हणून आईला आहे, आणि कागदोपत्री नव्या नवऱ्याचा ‘सावत्र बाप’ असा उल्लेख करायला लावणे हे मुलाच्या मनाला क्रूरपणाचे आहे. तेव्हा वर्गात हजेरी घेताना आपणही तो शब्द टाळलेला बरा. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचे नाव, मग आईचे, मग बापाचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम झाला आहे. ही मुले शाळेत येतील तेव्हा नावाचा हा तंटा थोडा हलका होईल. दुसरी गोष्ट: फीची पावती, बोनाफाईड दाखला, वह्यापुस्तकांचा खर्च हे पोटगीच्या अर्जाला लागते. आई मागायला आली तर हेलपाटे घालायला लावू नका.

फारकतीच्या वेळी गावात स्टॅम्पावर लिहून घेतात, “मुलाची पोटगी मला नको, पुढे मागणार नाही.” बाईची सही, दोन साक्षीदार. या कागदाला बायका फार भितात. आईने स्वतःचा हक्क सोडला असेल तो सोडला असेल. मुलाचा हक्क तिच्या मालकीचा नाही, तो ती सोडू शकत नाही. असा कागद असला तरी अर्ज करता येतो.

अर्ज कुठे करायचा? कौटुंबिक न्यायालय असेल तिथे त्यात, नसेल तिथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. वकिलाला पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. बायका आणि मुले यांना तिथे वकील फुकट मिळतो, आणि त्यांच्या उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा नंबर फिरवला तरी चौकशी होते. जाताना मुलाचा जन्माचा दाखला, आधार, फारकतीचा किंवा घटस्फोटाचा कागद, आणि बापाच्या प्राप्तीचा जो मिळेल तो धागा न्या. विणकर असेल तर कोणत्या कारखान्यात आहे ते, शेतकरी असेल तर सातबारा आणि ऊस कोणत्या कारखान्याला जातो ते. नेमका आकडा तुम्हाला माहीत नसला तरी चालते, तो त्यालाच प्रतिज्ञापत्रावर सांगावा लागतो. निकालाला वेळ लागणार असेल तर अंतरिम पोटगी मागा. त्या अर्जाचा निकाल नोटीस लागल्यापासून शक्यतो साठ दिवसांत व्हावा असे कायद्यात आहे. आणि शेवटी मंजूर झालेली रक्कम अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणून अर्ज लांबणीवर टाकू नका.

हुकूम झाला आणि बापाने पैसे थकवले, तर वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत द्यावा लागतो. बऱ्याच आया, “देईल की पुढच्या सुगीला,” म्हणून दोनदोन वर्षे थांबतात, आणि मग त्या मार्गाने मागचे महिने वसूल करता येत नाहीत. तेव्हा थकलेल्या प्रत्येक महिन्याची नोंद एका वहीत ठेवा, आणि वर्ष भरायच्या आत ती वही घेऊन समितीच्या कचेरीत जा.